वॉरंटी ५५ महिन्यांची, बॅटरी बसली ३२ व्या महिन्यात: क्लेमपासून नव्या बॅटरीपर्यंत

माझ्या गाडीच्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड सांगत होतं ५५ महिने. त्यातले पहिले ३० महिने फुकट बदलीचे, पुढचे २५ प्रो-राटाचे, म्हणजे बदली फुकट नाही, नव्या बॅटरीच्या किमतीत सूट. बिलाची तारीख २० एप्रिल २०२३. म्हणजे फुकट बदलीची मुदत संपली १९ ऑक्टोबर २०२५ ला, आणि बॅटरी बसली १० डिसेंबरला. बॅटऱ्यांना कॅलेंडर वाचता येतं, असं आमच्याकडचे मेकॅनिक हसत म्हणतात.

त्यानंतरच्या आठवड्यात मी बॅटरीबद्दल जेवढं शिकले तेवढं त्याआधीच्या दहा वर्षांच्या ड्रायव्हिंगमध्ये शिकले नव्हते. कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर यायचं, ‘बदलून टाका’. बदलण्याआधी काय तपासायचं, क्लेम कसा करायचा, प्रो-राटाचा हिशेब कसा असतो, हे एका जागी सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

गाडी छोटी, पेट्रोलवरची, २०१९ ची. २०२२ मध्ये सेकंडहँड घेतलेली. शाळा घरापासून चार किलोमीटर, तेवढंच रोजचं जाणं-येणं. बुधवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे लागले आणि सेल्फ मारताच मंद झाले. नागपुरात त्या आठवड्यात थंडी चांगलीच पडली होती. वर हिवाळी अधिवेशन चालू, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, त्यामुळे ऑटोवाल्यांचे भाव चढलेले. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जंपर केबल होती, तिच्यावर भागलं.

केबल लावायचा क्रम काकांनी मला स्वतः करायला लावून शिकवला. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळ्याचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीला लावायचंच नाही; तिच्यापासून लांब, इंजिनाच्या रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला लावायचं. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. काकांची गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, मग माझी सुरू झाली. काढताना उलटा क्रम. (धक्का मारून गाडी सुरू करायचा उपाय फक्त हाताच्या गियरच्या गाडीत चालतो. ऑटोमॅटिक असेल तर कॉलनीतल्या पोरांना कामाला लावू नका.)

दुपारी शाळेजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, काहीही न मोजता, ‘मॅडम, बॅटरी गेली’ म्हणून निकाल दिला. असेलही. पण इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर चार्जच करत नसेल तर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल, आणि गाडी बंद असताना कुठे करंट गळत असेल तरी तेच होईल. हे तिन्ही वेगळे आजार, बाहेरून लक्षण मात्र एकच. त्यामुळे सीताबर्डीतून ३५० रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च हाच.

बॅटरीच्या व्होल्टचे तीन आकडे घ्यायचे असतात. पहिला, गाडी रात्रभर उभी राहिल्यावरचा. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर वरवरचा चार्ज फसवतो, आकडा उगाच चढा दिसतो. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. माझी होती ११.८९. दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा: कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचं आणि मीटरकडे बघायचं. साडेनऊ-दहाच्या खाली घसरू नये, माझा ८.७ पर्यंत आला, आणि गाडी कशीबशी सुरू झाली. तिसरा आकडा इंजिन चालू असताना, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. माझा १४.२. अल्टरनेटर निर्दोष सुटला.

गुरुवारी, ११ तारखेला, कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. त्यांनी विचारलेलं सगळं समोर असेल तर फोन लवकर संपतो: बॅटरीवर कोरलेला सिरीयल नंबर, बिलाची तारीख, विकणाऱ्या दुकानाचं नाव, गाडीचा नंबर, गाडी खाजगी की टॅक्सी. टॅक्सीला वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी असते, म्हणून तो प्रश्न. सिरीयल नंबर धुळीखाली असतो; ओल्या फडक्याने पुसा, खरवडू नका, कारण नंबर खराब दिसला तर क्लेमच बाद होतो. तक्रार क्रमांक एसएमएसवर आला, तो जपून ठेवायचा. नोंद त्या तारखेची धरतात. मुदत संपत आली असेल तर बॅटरी दुकानात नेऊन देण्याआधी ही नोंद करून घ्यावी.

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीचा तपासणीवाला मुलगा घरी आला. चिमट्यांचं हातात मावणारं यंत्र लावलं. छापील सीसीए ३००, यंत्राने दाखवला १४०. सीसीए म्हणजे कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली १८ अंशांना, बॅटरी किती जोराचा करंट देऊ शकते त्याचा आकडा. नागपूरला उणे १८ शी काही देणंघेणं नाही, पण छापील आकडा आणि आत्ताचा आकडा यांत किती फरक पडला, यावरून बॅटरीची तब्येत कळते. मला वाटलं झालं, पास. पण यंत्राच्या पडद्यावर होतं ‘चार्ज करून पुन्हा तपासा’. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, असं नाही होत. चार्जिंगले लावून पाहा लागते. खाली झालेली बॅटरी आन् खराब झालेली बॅटरी, दोन्ही वेगळ्या.’

बरोबर होतं त्याचं. वॉरंटी मिळते ती बनावटीतल्या दोषाला. दिवे चालू राहून बॅटरी उतरली, कवच फुटलं, फुगली, किंवा त्या गाडीला न बसणारी बॅटरी लावली, तर कंपनी हात झटकते. म्हणून डीलर बॅटरी ठेवून घेतो, पूर्ण चार्ज करतो, मग लोड टेस्ट करतो, म्हणजे जोराचा करंट ओढून ती टिकते का बघतो.

शनिवारी, १३ तारखेला, वर्धा रोडवरच्या अधिकृत डीलरकडे बॅटरी जमा केली. मूळ बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि आरसीची झेरॉक्स घेतली होती. बदल्यात सर्व्हिस बॅटरी, म्हणजे निकाल लागेपर्यंत वापरायची तात्पुरती बॅटरी, मागितली. ती आपणहून कुणी देत नाही, मागितली की मिळते. जुनी, ठोकलेली, पण गाडी सुरू करणारी. हजार रुपये डिपॉझिट, पावतीसह. जमा केल्याच्या पावतीवर सिरीयल नंबर लिहून घेतला. काउंटरवरचे गृहस्थ सगळं माझ्याऐवजी माझ्यासोबत आलेल्या भाच्याला समजावून सांगत होते. भाचा अकरावीत आहे, आणि तो मोबाइल बघत होता.

रविवारचा दिवस मोकळा होता, म्हणून तिसऱ्या संशयिताकडे वळले: गळती. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडा करंट खातात. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. मोजायचं असं: मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाकायची, बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं आणि केबल व बॅटरीची मायनस दांडी यांच्यामध्ये मीटर धरायचा. दारं लावलेली हवीत. बॉनेट उघडं असतं, म्हणून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने आत दाबून गाडीला बॉनेट बंद आहे असं भासवायचं. मग निदान अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला झोपायला वेळ लागतो. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

अर्ध्या तासानंतरही आकडा ०.१८ वर. म्हणजे १८० मिलिअँपिअर. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअरचा करंट साधारण ३५ तास पुरेल एवढी. भागाकार केला: नुसती उभी राहिली तर आठ दिवसांत पूर्ण रिकामी. आणि गाडी अडायला ती पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही, अर्ध्यावर आली तरी अडचण सुरू होते.

गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटर बघितला आणि म्हणाला, ‘कुठं तरी करंट खाऊन राहिली गाडी.’ मग एकेक फ्यूज काढत गेला. फास्टॅगला हात लावू नका म्हणून मी विनोद केला, तर त्याने गंभीरपणे सांगितलं की फास्टॅगला बॅटरी लागतच नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो चालतो. सोळाव्या की सतराव्या फ्यूजला आकडा धाडकन ०.०२ वर आला. म्युझिक सिस्टिम. आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेली, आणि तिच्या ॲम्प्लिफायरची चालू होण्याची वायर थेट बॅटरीला जोडलेली. गाडी बंद, गाणं बंद, ॲम्प्लिफायर मात्र दिवसरात्र जागा. वायर किल्लीच्या लाइनवर घेतली. ४०० रुपये आणि दोन चहा.

हे आधी का जाणवलं नाही? रोज गाडी चालत होती म्हणून. पण चार किलोमीटर म्हणजे दहा-बारा मिनिटं. सेल्फला गेलेला करंट भरून निघतो न निघतो तोच गाडी बंद. रात्रीची गळती वर. बॅटरी वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ते नंतर चार्जिंगनेही जात नाहीत. त्यात आमचा उन्हाळा. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी चढलं की बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. उन्हाळा बॅटरीला आतून पोखरतो आणि ती बसते हिवाळ्यात, कारण थंडीत तिचा जोर कमी पडतो आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. डिसेंबरातल्या सकाळी दुकानदारांकडे गर्दी असते ती यामुळे.

मंगळवारी १६ तारखेला डीलरचा फोन: ‘एक सेल डाऊन आहे.’ सेल म्हणजे बॅटरीतले सहा कप्पे, त्यातला एक कमजोर. मी गेले आणि दाखवा म्हटलं. त्यांनी झाकणं उघडून हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, पाहिली. पाच सेल १.२५० च्या आसपास, एक १.१२०. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचं ॲसिड १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान असतं. सहाही सेल सारखेच खाली असते तर ‘उतरलेली’ म्हणून परत दिली असती. एकच एवढा खाली म्हणजे दोष. क्लेम मंजूर. झाकणावरचा तो छोटा हिरवा डोळा, ज्याला मॅजिक आय म्हणतात, तो अजून हिरवाच होता! तो एकाच सेलचं सांगतो, बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं.

आता प्रो-राटा. कार्डावर कोष्टक असतं. ३१ ते ३६ महिन्यांच्या खान्यात माझ्या बॅटरीला ३५ टक्के सूट. ऐकायला छान. पण सूट मिळते एमआरपीवर, आणि एमआरपीने बॅटरी कुणीच विकत नाही. त्याच मॉडेलची एमआरपी ५,६५०. त्यातून ३५ टक्के वजा जाता ३,६७३ रुपये, आणि जुनी बॅटरी कंपनीकडे जमा. बाजारात हीच बॅटरी रोखीने ४,७५० ला, जुनी दिली की ८०० वजा, म्हणजे ३,९५०. इतक्या धावपळीचा फायदा २७७ रुपये! क्लेम ५० व्या महिन्यात केला असता तर उलटा तोटाच झाला असता. तेव्हा प्रो-राटाच्या टप्प्यात असाल तर तक्रार करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा, आणि बाजारातला भाव दोन दुकानांत विचारा. (फुकट बदलीच्या टप्प्यात मिळालेल्या बॅटरीला मूळ वॉरंटीचे उरलेलेच महिने मिळतात. प्रो-राटाने विकत घेतलेल्या बॅटरीला मात्र नवी वॉरंटी मिळते. हे बिलावर लिहून घ्या.)

फायदा एवढाच असेल तर दुसऱ्या कंपनीची का घेऊ नये, म्हणून दुकानं फिरले. निवड करताना तीन गोष्टी खरोखर कामाच्या वाटल्या. एक म्हणजे माप. जुन्या बॅटरीवर ३८बी२० सारखा कोड असतो. त्यातलं ‘बी’ रुंदी-उंचीचा वर्ग सांगतं, २० म्हणजे लांबी साधारण २० सेंटिमीटर, आणि शेवटचं ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षर टर्मिनलची बाजू. ते चुकलं तर केबल पोचत नाही. एका दुकानदाराने उलट्या अक्षराची बॅटरी काढून ‘बसून जाईल, केबल ओढून घेऊ’ म्हटलं, तिथून निघाले. थोडी जास्त अँपिअर-अवरची घेतली तर बिघडत नाही, पण ट्रेमध्ये बसून क्लॅम्प घट्ट लागला पाहिजे, कारण हादऱ्यांनी प्लेटा लवकर जातात. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर साधी बॅटरी चालत नाही, अशा गाड्यांसाठीच्या ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते, आणि ती महाग असते.

दुसरी गोष्ट फुकट बदलीचे महिने. ‘६० महिने’, ‘७२ महिने’ हे मोठ्या अक्षरातले आकडे मी वाचणंच सोडून दिलं. दुसऱ्या कंपनीची ३६ महिने फुकट बदलीवाली ४,३५० ला होती, म्हणजे महिन्याला १२१ रुपये. माझी प्रो-राटावाली ३,६७३ भागिले ३० म्हणजे १२२. सारखंच. तेव्हा निकाल तिसऱ्या गोष्टीवर ठरला: ताजेपणा. बॅटरी दुकानात पडून पडून उतरते. डीलरने पुढे केलेली जुलैमध्ये बनलेली, माझ्या मीटरवर १२.४१. मी ती नाकारली. थोडी कुरबुर झाली, ‘चार्ज करून देतो ना’ वगैरे. मग म्हणाले दोन दिवसांनी या. १८ तारखेला नोव्हेंबरची बनावट आली, १२.६८. तीच घेतली.

बिल हातात आलं तेव्हा २०२३ च्या बिलाशी ताडून पाहिलं. तेव्हा जीएसटी २८ टक्के होता, आता १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून कमी झाला आहे. कुणी अजून २८ लावत असेल तर विचारा. बिलावर सिरीयल नंबर आणि गाडीचा नंबर, कार्डावर शिक्का आणि तारीख, हे दुकानातच तपासलं. डिपॉझिट परत घेतलं. कंपनीच्या साइटवर वॉरंटीची नोंद तिथेच उभं राहून केली.

क्लेम न करता बॅटरी बदलणार असाल तर जुनी भंगारवाल्याला देऊ नका. शंभर-दोनशे जास्तीचे मिळतीलही, पण ॲसिड नाल्यात जातं आणि शिसं कुठल्या तरी उघड्या भट्टीत वितळवलं जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे डीलर त्या घेतातच.

बसवताना दहा नंबरचा पाना लागतो. काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. टर्मिनल ठोकून बसवू देऊ नका; सैल करून सरकवायचं आणि मग आवळायचं. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं गेली, ड्रायव्हरच्या काचेचं एका दाबात वर जाणंही. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं तेव्हा परत आलं. केबलच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड साठली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासली, कोरडी केली, आणि सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवला.

जानेवारी आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळचा आकडा घेतला: १२.६४, १२.६२. वार्षिक सर्व्हिसिंगच्या वहीतच तो लिहिते. शाळेतून परतताना आठवड्यातून एकदा रिंग रोडने लांबचा फेरा मारते, अर्धा-पाऊण तासाचा. पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवल्याने फारसं काही भरत नाही, पेट्रोल तेवढं जातं. या बॅटरीलाही वर झाकणं आहेत, तेव्हा एप्रिलमध्ये पाणी बघायचं आहे. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंत. ॲसिड कधीच नाही. आणि मे महिन्यात आम्ही तीन आठवडे रत्नागिरीला असू, तेव्हा मायनस काढून ठेवणार. रिमोटने दार उघडणार नाही, म्हणून परत आल्यावर लागणारी किल्लीची साधी जोडी आत्ताच शोधून ठेवली आहे.